देवाच्या नावावर सोडलेलं जेवण

गिरीज गावातल्या आमच्या घरात ईस्टरआधीच्या उपासकाळात प्रत्येक जण देवासाठी काहीतरी सोडायचा. कुणी मटण, कुणी चहातली साखर. नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी माझ्या मुलीने चाळीस दिवस रात्रीचं जेवण सोडलं. तिने ते आपणहून सोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. ईस्टरनंतर तिचं लग्न होतं, आणि होणारी सासू हसत म्हणाली होती, "पोरगी जरा अंगाने भरलेली आहे." मी मुलीशी वजनाचं बोललो नाही. जेवण सोड म्हणताना देवाचं नाव पुढे केलं.

तिचं वजन भरभर उतरलं. मग जेवताना तिची नजर दुसऱ्यांच्या ताटांवरून फिरू लागली.

एका दुपारी आमची केळीची वाडी पाण्याखाली असल्यासारखी हिरवी, संथ दिसत होती. केळी पिकवायच्या खोलीचं दार लोटलेलं. आत गोड, उबदार अंधार, आणि त्यात मांडीवर साली घेऊन बसलेली ती.

"पप्पा, पोट भरतच नाही हो."

"मन भरत नाही म्हण," मी म्हणालो. "फादरांकडे जाऊन पापनिवेदन कर."

ती गेली. मी ते केळ्यांचं माझ्या बहिणीला सांगितलं, आणि लग्नात बहीण ओरडली, "नवरीपासून केळी लांब ठेवा गं!" मीही हसलो. तेव्हापासून मुलगी माझ्यासमोर जेवली नाही. माहेरी आली की म्हणायची, "जेवून आलेय."

दहाएक वर्षांनी मला डायबेटीस निघाला. वजन उतरवलं, आणि भाकरीच्या वासाने मी झोपेत चालल्यासारखा चुलीपाशी जाऊ लागलो. लाजत विरारच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"काका, ही हार्मोन्सची कामं. वजन घटलं की पोट भुकेचे निरोप जास्त धाडतं. चरबीकडून मेंदूला जाणारा 'पुरे'चा निरोप कमी होतो. शरीराला वाटतं, दुष्काळ पडलाय."

"मग हावरटपणा नाही हा?"

"हावरटपणा कसला? जीव वाचवतंय ते."

पुढच्या रविवारी मुलगी आली होती. बाकी सगळे जेवायला बसल्यावर मी म्हणालो, "लग्नाआधी रात्रीचं जेवण हिने आपणहून सोडलं नव्हतं. बारीक व्हावी म्हणून मी सोडायला लावलं."

"मला तेव्हाच कळलं होतं, पप्पा," ती म्हणाली.

"मग भांडली का नाहीस?"

"तुमच्याशी भांडले असते. देवाशी कशी भांडू?"

मग तिने खुर्ची ओढली आणि थोडा भात वाढून घेतला. "भूक एवढीच आहे," म्हणाली. मी भाताचं पातेलं तिच्याकडे सरकवलं नाही, मागेही ओढलं नाही.