सामूभाऊ डॉक्टर नव्हते

सामूभाऊ गेल्याचं मला चौकातल्या फ्लेक्सवरून कळलं. डेअरीत सकाळचं दूध घालून रिकामी किटली घेऊन येत होतो, तर वर त्यांचा हसरा फोटो. आधी वाटलं वाढदिवस असेल, कारण आमच्याकडं वाढदिवसाला अन् मयतीला फोटो एकच लावतात. मी चौथी नापास, अक्षर जुळवत वाचतो. 'भावपूर्ण'पर्यंत आलो आणि पुढचं वाचायची गरज राहिली नाही... तिथंच पारावर बसलो. बऱ्याच वेळानं पुन्हा वर बघितलं तेव्हा नावाच्या आधी 'डॉक्टर' लिहिलेलं दिसलं आणि त्या दुःखातसुद्धा माझं डोकं फिरलं. फ्लेक्स लावणाऱ्या पोरांना हाक मारली. "तेवढं डॉक्टर खोडा."

"आबा, मेलेल्या मानसाचा मान कशाला काढता? किती जनांची डोकी त्यांनी जाग्यावर आनली!"

"आनली की. पर डॉक्टर नव्हते ते."

पोरं हसली. मग मीच शिडी आणली आणि त्या शब्दावर पांढरा कागद चिकटवला. म्हातारा हेकट, याचं शेवटी त्यांच्याशी काहीतरी बिनसलं असणार, असं गावात झालं. हेकट मी आहेच. पण बिनसलं काही नव्हतं. पाच आठवडे झाले, आता सांगतो. नातीनं लिहून घेतलंय, शुद्धलेखन तिचं, माझं बोलणं मात्र बदलू नको म्हणून तिला बजावलंय.

मी एकतीस वर्षं दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होतो. माझ्या हातून कधी दूध नासलं नाही, हे मी अजून कुणालाही छातीवर हात मारून सांगतो. नोकरी संपली आणि दुसऱ्याच वर्षी आमची सुभद्रा बदलली. तव्यावर भाकरी करपायची आणि ती भिंतीला कान लावून उभी. "शेजारचे माझ्यावर बोलत्यात," म्हणायची. शेजारच्या घराला तर वर्षभर कुलूप! सहा महिने मी अंगारे केले, लिंबं उतरवली. सोयऱ्यांना सांगितलं, तिची शुगर वाढलीय. शेवटी लेकीनं भांडून आम्हाला संगमनेरच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर होते, माझ्या पोराच्या वयाचे. त्यांनी दहा मिनिटं विचारपूस केली आणि गोळ्या लिहिल्या. मग एक बाई आल्या. त्यांनी सुभद्राला चित्रं दाखवली, आजचा वार विचारला, आकडे उलटे म्हणायला लावले. मी म्हणालो, "बाई, ती शाळंतच गेली न्हाई, नापास करताय व्हय तिला?" त्या हसल्या, पण आपलं काम पुरं केलं. आणि शेवटी कोपऱ्यातल्या खोलीत सामूभाऊ. नाव सॅम्युएल, पण सगळा दवाखाना सामूभाऊच म्हणायचा. त्यांनी तासभर तिला तिच्या माहेरचं, शेळ्यांचं विचारलं. सहा महिने नीट न बोललेली बाई तिथं हसली... मी बाहेरच्या बाकावरून ऐकलं.

मी तिथल्या तिथं हिशेब लावला. टँकरचं इंजिन उघडायला हेडमिस्त्रीला दिवस लागतो, हवा भरणारा पोरगा दोन मिनिटांत मोकळा. म्हणजे तासभर बसवणारे सामूभाऊ मोठे डॉक्टर, आणि दहा मिनिटांवाला त्यांच्या हाताखालचा. सामूभाऊंनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन समजावलं होतं. "दादा, मी समुपदेशक. मी बोलतो, ऐकतो, घरच्यांना धीर देतो. त्या बाई मानसशास्त्र शिकल्यात, मन नेमकं कुठं अडखळतंय ते त्या तपासतात. आन् आजार कोनता हे ठरवून गोळी देनारे ते डॉक्टर. मी गोळी देऊ शकत न्हाई, बंद बी करू शकत न्हाई. ते त्यांच्याच हातात."

मला वाटलं, काय नम्र माणूस आहे!

चार महिन्यांत सुभद्रा पहिल्यासारखी झाली. मी सोयरे बोलावले, पुरणपोळीचं जेवण केलं आणि सामूभाऊंना आग्रहानं घरी आणलं. भरल्या पंगतीत म्हणालो, "हे बगा मोठे डॉक्टर. ह्यांनीच बरी केली हिला." सामूभाऊंचा घास हातातच थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या व्याह्यांकडं पाहिलं, आणि खाली मान घालून जेवत राहिले. माझा शब्द त्यांनी चारचौघांत पडू दिला नाही. मी मात्र समजलो, आपलं बरोबर आहे. सुभद्रा म्हणतच होती की गोळीनं झापड येते. दुसऱ्या दिवशी सगळ्या गोळ्या गोठ्यामागच्या उकिरड्यात टाकल्या. मोठ्यानं बरी केल्यावर खालच्याच्या गोळ्या कशाला?

दीड महिन्यात कान पुन्हा भिंतीला लागला. मी कुणाला बोललो नाही. सामूभाऊंनी विचारलं, "गोळ्या चालू हायेत ना?" मी म्हणालो, "हायेत." इतकं सरळ तोंड करून मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो. आणि एका दुपारी ती घरात नव्हती. कालव्यावर सापडली. चपला काठावर, पाय पाण्यात, पाणी भरून चाललेलं. मी हाक मारली तर बोट ओठावर ठेवून म्हणाली, "थांबा, हे लोक काय म्हनत्यात ते ऐकू द्या."

तिला टेम्पोत घालून दवाखान्यात आणलं. व्हरांड्यात सामूभाऊ भेटले. त्यांनी एकच विचारलं, "गोळ्या?" मी जमिनीकडं बघितलं.

"चला, डॉक्टरांना सांगा."

"तुमीच सांगा की, सामूभाऊ..."

"न्हाई दादा. तुमीच सांगायचं. मी शेजारी उभा ऱ्हातो."

सांगितलं. ज्याला मी हवा भरणारा पोरगा समजलो होतो, त्याच्यासमोर हात जोडून सांगितलं. ते रागावले नाहीत. कधीपासून बंद, झोप किती, एवढं विचारून लिहायला लागले. तेवढ्यात सामूभाऊ म्हणाले, "सर, चूक माझी बी हाय. ह्यांच्या घरी पंगतीत मला मोठा डॉक्टर म्हनले, आन् मी गप बसलो." माझ्या इज्जतीपायी गप बसलेला माणूस माझी चूक अर्धी वाटून घेत होता. त्या दिवसापासून बाजारात, लग्नात, एसटीत कुणी डॉक्टर म्हटलं की नमस्काराच्या आधी त्यांचं सुरू व्हायचं, "मी डॉक्टर न्हाई हं." लोक हसायचे. मी हसायचो नाही.

त्याला अकरा वर्षं झाली. सुभद्रा सावरली, रोज गोळी घेते. झापड येते म्हटल्यावर डॉक्टरांनीच गोळी कमी केली. नुसतं सांगायचं होतं... सामूभाऊ रविवारी चर्च आटोपून यायचे, सुभद्रा शेंगोळे करायची, आणि ते ताट पुसून खायचे.

ते गेले आणि माझी झोप गेली. भाकरी अर्धी राहायला लागली. परवा सुभद्रा म्हणाली, "अवो, संगमनेरला चला."

"मला काय झालंय?"

"मला तरी काय झाल्तं? शुगरच वाढल्ती ना!"

गेलो. अकरा वर्षं त्या खोलीच्या बाहेर बसलो, आत पहिल्यांदा बसलो. दोन्ही खुर्च्या खिडकीकडं तोंड करून, शेजारी शेजारी. समोरासमोर बसलं की माणूस पोलीस ठाण्यात बसल्यागत बोलतो, असं सामूभाऊ म्हणायचे. आता तिथं एक नवी पोरगी आहे, तिनं खुर्च्या हलवलेल्या नाहीत. मी म्हणालो, "मला काही झालं न्हाई." ती "बरं" म्हणाली आणि बाहेरच्या लिंबाकडं बघत राहिली. तिला घाई नव्हती. माझ्या शेजारची खुर्ची भरलेली होती, तरी ती मला रिकामीच वाटत होती...

"माझा दोस्त गेला," मी म्हणालो. त्यापुढं माझ्यानं थांबवेना.

बाहेर आलो तर सुभद्रा बाकावर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. "लई येळ लावला," म्हणाली.

"पुढल्या मंगळवारी परत बोलावलंय."

"मग?"

"मग काय... येनार हाय मी."