तात्यांची चौकशी

बुवापाड्यातल्या आमच्या चाळीत पहिलं दार तात्यांचं. त्यामुळे लग्नाच्या मुलामुलींची चौकशी करायला आलेले पाहुणे आधी त्यांच्याच तावडीत सापडत. तात्या त्यांना खुर्ची देत, पाणी देत आणि मग धडधडीत खोटं बोलत. "देवमाणूस आहे हो," हे ठरलेलं वाक्य. गटाराकाठी झोपणाराही त्यांच्या तोंडून देवमाणूस होऊनच बाहेर पडे. कोणी टोकलं तर म्हणत, "शेजारधर्म असतो. आपल्या बापाचं काय जातंय?"

जातं, हे त्यांना पन्नाशीत कळलं. शेजारचा बेवडा बबन त्यांच्या शब्दावर बोहल्यावर चढला आणि थोड्याच दिवसांत भिंतीपलीकडून मारझोडीचे आवाज येऊ लागले. तात्या मध्ये पडले, बबनच्या कानाखाली वाजवली. त्याची बायको ओठावरचं रक्त पुसत एवढंच म्हणाली, "तात्या, माझ्या भावाला तुम्हीच सांगितलं होतं ना?" ती माहेरी गेली ती परत आलीच नाही.

अक्कलदाढ यावी तशी तात्यांना नीतिमत्ता उशिरा आली, आणि दुखली मात्र सगळ्या चाळीला. ते खरं बोलायला लागले. जमत आलेली लग्नं मोडू लागली. शेवटी लोक पाहुण्यांना मागच्या बोळातून आणू लागले.

माझ्या वेळी नेमकं बोळात पाणी तुंबलं होतं. मी कॅम्प तीन भागातल्या जीन्सच्या कारखान्यात कामाला होते. मुलगा तिथलाच कटिंग मास्टर, बदलापूरजवळच्या गावचा. आमचं आमचं ठरलं होतं, अडलं होतं ते त्याच्या वडिलांच्या होकारावर. ते तात्यांच्या खुर्चीत बसले आणि मी आमच्या खिडकीआड जीव मुठीत धरून उभी राहिले.

"पोरगी तोंडाळ आहे," तात्या म्हणाले. "भाकरी एक गोल नाही. शेठलासुद्धा सोडत नाही. पण शेजारणीवर कोणी हात उगारला ना, तर लाटणं घेऊन पहिली हीच बाहेर येते."

मी मनातल्या मनात तात्यांचा उद्धार केला. माझे होणारे सासरे उठून आमच्या दारात आले आणि वडिलांना म्हणाले, "कारखान्यात समद्यांना इचारलं. समदी बोलली, पोरगी लक्ष्मी हाय. लक्ष्मीला काय भाकऱ्या थापायला लावायच्या? या बाबानं माणूस दाखवला. द्या पोरगी."

गेल्या वर्षी तात्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तर म्हणाले, "आता वर माझी चौकशी होणार. तुला विचारलं तर काय सांगशील?"

"खरं तेच. तुम्हीच लावलंत ना वळण?"

तात्यांचा चेहरा उतरला. बबनची बायको आठवली असावी. माझा हात धरून हळूच म्हणाले, "जरा शेजारधर्मानं घे ना, पोरी."

मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

तेराव्याला तात्यांचे गावाकडचे भाऊबंद आले. त्यातल्या कित्येकांनी त्यांना पाहिलंही नव्हतं. एकाने मला विचारलं, "कसे होते हो आमचे तात्या?"

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "देवमाणूस होते हो."