नुसत्या ओठांनी

माझा नवरा क्लॅरी जन्मभर सॉ मिलमध्ये मोठ्या करवतीवर राबला आणि कान तिथेच ठेवून घरी आला. नुकसानभरपाई मागितली, तर विमा कंपनीच्या डॉक्टरांनी शेरा मारला, ‘तपासणीच्या यंत्रावर बहिरा, गप्पांत ठणठणीत. सोंग असावं.’

माझं डोकंच फिरलं. घरात किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडते आणि हा शेजारी बसून फुटबॉलचं पान वाचतो. याला सोंग म्हणतात?

घोळ वेगळाच होता. करवत सुरू झाली की मिलमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे. मी तिथल्याच कॅन्टीनमध्ये होते. क्लॅरीने मला लग्नाचं विचारलं तेही काचेपलीकडून, नुसते ओठ हलवून. डॉक्टरांशीही हा शहाणा त्यांच्या तोंडाकडे बघत हवापाण्याच्या गप्पा मारून आला होता.

भांडून भांडून पुन्हा तपासणी मिळवली. मेलबर्नला जाताना बजावलं, “त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस.”

“मग काय छताकडे बघू? समोरच्याकडे न बघता बोलायचं, ही काय रीत झाली?” करवतीपाशी नजर चुकवणारा दुसऱ्याची बोटं घालवतो. ते याच्या हाडीमाशी भिनलेलं.

शेवटी मीच म्हटलं, “डॉक्टर, तोंड झाकून विचारा.”

त्यांनी सुस्कारा टाकला, फाईल चेहऱ्यासमोर धरली आणि विचारलं, “तुमच्या बायकोचं नाव काय?”

क्लॅरीने फाईलकडे बघितलं. मग, अडलं की बघायचा तसं, माझ्याकडे. माझे ओठ कधी हलले, मलाच कळलं नाही. ‘माझं नाव विचारतायत.’

“व्हर्ली,” क्लॅरी खणखणीत म्हणाला.

फाईल खाली आली. “येतंय की ऐकू, बाई.”

“अहो, मी सांगितलं त्याला.”

“कधी? मला तर काही ऐकू आलं नाही.”

“आवाज केलाच नाही, तर येईल कसं?”

आता माझेही कान तपासावेत अशा नजरेने ते माझ्याकडे बघत राहिले. मग लिहायला लागले.

बाहेर आल्यावर क्लॅरी खुशीत होता. “या वेळी काही चुकलं नाही ना माझं?”

मी त्याच्याकडे पाठ केली आणि अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला शिव्या घातल्या. माणसं थबकून बघायला लागली. क्लॅरीने शांतपणे गाडीचं दार उघडलं आणि माझ्यासाठी धरून उभा राहिला.