काठावरची मुंगी

चैत्रातल्या एका रविवारी, शेलूबाजारच्या बाहेर सोनाजी माळ्याच्या विहिरीवर मी माझ्या लिखाणाचं पहिलं पान वाचलं. हजर माणसं दोन: सोनाजी आणि त्याची बायको मंजुळाबाई. शिवाय मोटेचे बैल, पण ते श्रोत्यांत धरावेत की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाचून झाल्यावर मला एक हुंकार मिळाला. त्या दिवसाची तेवढीच मिळकत, आणि ती मी कधी विसरलो नाही.

आमच्याकडे कोणी गोष्ट सांगू लागलं, की ऐकणाऱ्यांपैकी एकाने मधूनमधून ‘हूं’ म्हणत राहायचं. तो हुंकार थांबला, की सांगणाराही थांबतो. सोनाजीइतका चांगला हुंकार देणारा आमच्या भागात दुसरा नव्हता. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते बाजारात. कडुलिंबाखाली एक म्हातारा पोरांना गोष्ट सांगत होता आणि पलीकडे भाजी विकत बसलेला हा काळा, हाडकुळा माणूस गिऱ्हाइकाला कारली तोलून देता देता तिथून हुंकार देत होता. मी भेंडीचा भाव विचारला. त्याने हात वर केला.

“थांबा जरा, मुनीमजी. त्या लेकराले वाघानं धरलं हाये.”

लेकरू वाघाच्या तावडीतून सुटल्यावर मला भेंडी मिळाली.

मी तिथल्या कापसाच्या जिनात हिशेब लिहीत असे. माझा गोष्टींशी संबंध घरापुरता होता. माझ्या आईने मला सांगितलेल्या गोष्टी मी माझ्या मुलीला, यमूला सांगायचो. ती माझ्या मांडीवर बसून मोठ्या माणसासारखी ‘हूं’ म्हणायची. तापाच्या साथीत यमू गेली. सहा वर्षांची होती. त्यानंतर आमच्या घरात गोष्ट झाली नाही. पुढे मला भीती वाटू लागली, की आईच्या त्या बारा गोष्टी माझ्याबरोबरच संपतील. म्हणून लिहायला बसलो. पण दोन ओळी लिहिल्या की हात थांबे. कान हुंकाराची वाट पाहत, आणि तो येत नसे.

हे मी सोनाजीला कसं बोलून गेलो ते आठवत नाही. त्याने फार विचार केला नाही.

“मंग मळ्यात या ना. बैलाले कासरा लागते, तुमाले हुंकार लागते. मी दोघाईले हाकतो.”

तेव्हापासून मी रविवारी मळ्यात जाऊ लागलो. बैल धावेच्या उतारावरून खाली जात, भरलेली मोट वर येई, पाणी पाटाला लागे. मंजुळाबाई खाली फावडं घेऊन ते पाणी एकेका वाफ्यात सोडत. मोट जिथे रिकामी होते त्या थारोळ्याच्या दगडावर बसून मी वाचत असे. बैल मागे सरत येताना सोनाजीचा ‘हूं’ ऐकू येई. माझं लिहिणं त्या चालीवर पडत गेलं. मोटेच्या एका खेपेत संपणार नाही एवढं लांब वाक्य मी लिहीनासा झालो.

हुंकार मात्र तो उगाच देत नसे. एकदा मी भारी शब्द जमवून सूर्यास्ताचं वर्णन केलं होतं. मी वाचत राहिलो आणि तो गप्प. मी विचारलं, “का रे, आवडलं नाही?”

“तसं नाही. पन हे कोन बोलून राह्यलं? मले वाटलं तुमच्या मांगं दुसरा मानूस येऊन बसला.”

मी तो सूर्यास्त तिथेच खोडला.

आंधळ्या राजाच्या गोष्टीला मात्र वेगळंच झालं. राजा रानात वाट चुकला, तिथे सोनाजीने बैल धावेच्या टोकाला उभेच केले. पाट आटला. मंजुळाबाई फावडं खांद्यावर टाकून वर आल्या.

“अवो, विहीर आटली का तुमचा डोया लागला?”

“राजाची वाट चुकली वं. सापडू दे त्याले.”

“राजाले वाट सापडन. माह्या वांग्याले पानी कोन देईन? तुमचा राजा?” मग माझ्याकडे वळून, “मुनीमजी, पुढच्या खेपी राजाले इहिरीजवळच हरपवा. मंग पानी तरी ओढन.”

सोनाजी पोट धरून हसला. अशा अकरा गोष्टी झाल्या. बारावी राहिली.

ती मुंगीची होती. उन्हाळ्यात पिलांसाठी पाणी आणायला निघालेली मुंगी नदीच्या काठावर येते. यमूला मी ती सांगत होतो त्या दिवशी तिला ताप भरला. मुंगी काठावर आली एवढंच तिने ऐकलं. नंतर ग्लानीत तिने दोनदा विचारलं, “बाबा, मुंगी घरी आली का?” मी म्हटलं, तू बरी हो, मग सांगतो. पुढचं लिहायला बसलो की तो प्रश्न ऐकू येई आणि मी कागद बाजूला ठेवी.

सोनाजीला मी हे सांगितलं. त्यानंतर मी मळ्यात पाऊल टाकलं, की तो रामराम करून विचारायचा, “मुंगी काठावरच हाये का?” आग्रह करत नसे. घरातल्या माणसाची चौकशी करावी तसं विचारायचा.

पौषात त्याच्या छातीत कफ झाला. मी गेलो तेव्हा तो खोपीत घोंगडी पांघरून पडला होता. श्वास लागला होता. तरी विचारलंच, “मुंगी?”

“काठावरच आहे.”

तो बराच वेळ खोकला. मग म्हणाला, “पोरीनं इचारलं होतं ना, घरी आली का म्हून? तिले सांगून टाका. मेलेलं मानूस वाट पाह्यते का नाही, मले ठाव नाही. पन तुमी पाहून राह्यले. त्या मुंगीसंगं तुमीबी काठावरच बसले, मुनीमजी.”

मी म्हटलं, रविवारी आणतो. तो म्हणाला, “आना. मी हूं मनतो.”

मी घरी येऊन लिहायला बसलो. कधी नव्हे तो हात थांबला नाही. गुरुवारी शेवटची ओळ लिहिली आणि त्याच दिवशी मळ्यातून निरोप आला.

सोनाजीचं तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी मी मळ्यात गेलो. मोट बंद होती, बैल झाडाखाली उभे होते. मंजुळाबाई थारोळ्याच्या कडेला बसल्या होत्या. माझ्या हातातले कागद पाहून त्या म्हणाल्या, “आनली का? वाचा. रोज इचारत होते, रविवार कधी हाये म्हून.”

मी वाचू लागलो. मुंगी काठावर आली तिथे सवयीने थांबलो. विहिरीवर काही आवाज नव्हता. मला पुढचं अक्षर दिसेना.

मंजुळाबाईंनी पदराने तोंड पुसलं. “हूं,” त्या म्हणाल्या.

मी पुढे वाचलं. पाण्यावरून चिंचेचं पान आलं, मुंगी त्यावर चढली, तिने थेंब घेतला. घरी पोचेपर्यंत उन्हाने तो खसखशीएवढा झाला होता. पण पिलांची तोंडं ओली झाली.

“आली बाई घरी,” मंजुळाबाई म्हणाल्या. मग उठून त्यांनी बैल मोटेला जुंपले आणि मला म्हणाल्या, “मुनीमजी, दारं धरता का? वांगे सुकून राह्यले.” त्या दिवशी मोट त्यांनी हाकली आणि मी चिखलात उभा राहून वाफ्यांत पाणी सोडलं.

पुढे पुस्तक छापून आलं. पहिली प्रत मी मंजुळाबाईंच्या हातात ठेवली. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारापलीकडे काही द्यायची रीत नाही, आणि ते देणं मला पुरतं पोचलं आहे. अकरा गोष्टींचे हुंकार सोनाजीने दिले, ते मी माझ्या नावे धरतो. बारावा मंजुळाबाईंनी दिला. तो यमूचा होता. तिच्या नावे जमा केला.