फाटलं तर बरं

कुंभिवलीच्या कारखान्यात आंब्याच्या ज्यूसची छापील खोकी चिकटवायच्या मशीनवर एक काका आहेत. अधूनमधून एखाद्या गठ्ठ्यातलं खोकं काढून त्याची चिकटलेली कड ते उचकटतात. पुठ्ठा फाटला की खूश. "फाटलं म्हंजे गम धरलाय गं," हे तपासणीला बसणाऱ्या मला रोज ऐकवतात.

परवा टेंपो भरल्यावर त्यांनी सहज एक खोकं उचकटलं. कड न फाटता अलगद सुटली. त्यांनी अख्खा टेंपो उतरवायला लावला. साहेब ओरडले, "हे तपासलं कोणी?"

कागदावर सही माझी होती, एकही खोकं न उचकटता केलेली.

"मशीनवर मी होतो," काका म्हणाले.

आज सकाळी पहिलं खोकं त्यांनी माझ्या हातात दिलं.

"फाड."