दोन किलोवॅट पुरे होते

गच्चीवर सोलर बसवल्यापासून ओळखीतला जो तो मला विचारतो, "काय हो, परवडतं का?" माझं उत्तर तोंडपाठ आहे. आधी बिल किती यायचं, आता किती येतं, घातलेले पैसे कधी सुटतील, सगळं घडाघडा सांगतो. लोक माना डोलावतात. दोघातिघांनी तर माझं ऐकून बसवूनही घेतलं. पण मुळात तुम्ही ते कशासाठी बसवलंत, हे आजवर एकाही शहाण्यानं विचारलेलं नाही. बरंच झालं म्हणा. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, आणि त्या कामात माझा हात चांगलाच बसलाय.

आमचं घर सुकापूरला. ओळीनं एकाला एक चिकटलेली घरं, खाली हॉल आणि स्वैपाकघर, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. शेजारच्या गच्चीत आणि आमच्या गच्चीत कमरेएवढी भिंत. घरात माणसं तीन, मी, बायको आणि आई. वडील गेले तेव्हा आईला मी गव्हाणहून इथे आणलं. मी 'आणलं' म्हणतो, ती 'आले' म्हणते, तो वाद वेगळा. इथे आल्यावर तिला काहीच आपलं वाटेना. स्वैपाकघर सुनेचं, हॉल टीव्हीचा. मग तिनं गच्ची धरली.

तिचं माहेर करंजाचं, मामाची बोट. थंडी पडली की मामा टेम्पोवाल्याबरोबर ओली मासळी पाठवायचा. बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर, जवळा जुन्या साडीवर पसरलेला, सोड्यांसाठी सोललेली कोळंबी सुपात. आई पाण्याच्या टाकीच्या सावलीत काठी घेऊन बसायची आणि कावळ्यांना अशा शिव्या द्यायची की ऐकणाऱ्यानं कानात बोटं घालावीत. मे अखेरपर्यंत हा कारखाना चालायचा. पाऊस लागायच्या आधी गव्हाणचे, उरणचे नातेवाईक एकेक करून यायचे आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून सोड्यांच्या पुरचुंड्या घेऊन जायचे. एका लग्नात कुणीतरी माझी ओळख 'सोडेवाल्या काकीचा मुलगा' अशी करून दिली होती. आई शेजारीच होती, तिला कोण आनंद झाला. मी पाणी पिण्याचं निमित्त काढून तिथून उठलो.

असला माझा कारभार. तो वास मला काही नवा नव्हता. मी त्यातच वाढलो, आणि जवळ्याची चटणी असली की अजूनही मला एक भाकरी जास्त लागते. खायची लाज नाही, पण खातो हे चारचौघांत कळायची लाज. बेलापूरच्या ऑफिसात मी 'आहे' म्हणतो, आईशी बोलताना आपोआप 'हाय' निघतं. शेजारचे गच्चीवर असले की मात्र मी आईशीसुद्धा 'आहे' बोलायला लागायचो. ती बिचारी गोंधळून बघायची, की याला आता काय झालं.

शेजारी म्हणजे पुण्याहून आलेले काका-काकू, दोघंही निवृत्त, अगदी सज्जन माणसं. एका सकाळी काकू कपडे वाळत घालत होत्या, मी झाडांना पाणी घालत होतो, आणि आईच्या दोऱ्या बोंबलांनी भरलेल्या होत्या. काकू हसून म्हणाल्या, "आज वारा तुमच्याकडूनच आहे वाटतं." एवढंच. ओले कपडे परत बादलीत टाकले आणि खाली गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई तिथे असती तर म्हणाली असती, बोंबील हायत, देऊ का चार? आणि विषय तिथेच मिटला असता. मी मात्र काकूंच्या पाठीला, "हो ना, सांगतो आईला," असं म्हणालो. आईला सांगितलं नाहीच. सांगायची छाती असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. दिवसभर ऑफिसात ते वाक्य कानात घुमत राहिलं आणि राग आला तो आईचा. काकूंचा नाही, माझा तर नाहीच नाही, आईचा.

त्याच आठवड्यात ऑफिसात सोलरचा विषय निघाला. कुणी सबसिडीबद्दल बोलत होतं, कुणी नेट मीटरबद्दल. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गच्चीभर पॅनल बसले तर मासळी कुठे सुकवणार? आईला एक शब्द बोलायला नको, शेजाऱ्यांसमोर मान खाली नको, उलट चार लोक कौतुक करतील. सुंठीवाचून खोकला जाणार. सोलरला नाही कोण म्हणणार? ते चांगलंच असतं.

बायको मात्र हिशोबाला पक्की. तिनं जुनी बिलं काढली आणि म्हणाली, तीन माणसांचं घर, त्यात एक माणूस पंखासुद्धा बंद करतं, आपल्याला हे हवंय कशाला? मी पर्यावरणावर बोललो. ती म्हणाली, बरं, हौसच असेल तर लहानसं घेऊ.

सोलरवाला आला. टेप लावून गच्ची मोजली, टाकीची सावली कुठवर फिरते ते विचारलं, बिलं पाहिली आणि म्हणाला की तुमच्या वापराला दोन किलोवॅट पुरे. चार पॅनल दक्षिणेच्या कठड्याला एका ओळीत बसतील, अर्धी गच्ची मोकळी राहील. आई तिथेच बसून जवळा वरखाली करत होती. तिनं ते ऐकलं, उठली, आणि कुणी सांगायच्या आत जवळ्याची साडी चारी टोकांनी धरून ओढत उत्तरेच्या बाजूला नेली. मला एवढी पुरते, असं सोलरवाल्याला म्हणाली. वर आणखी म्हणाली की ऊन काय माझ्या एकटीचं नाय.

तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. सगळ्यांची सोय झाली होती. पण मी म्हणालो, दोन नको, तीनाचं बसवा. बायको बघतच राहिली. मी सांगितलं की पुढच्या वर्षी एसी घ्यायचाय. एसी कधी ठरला, तिनं विचारलं. ठरतोय, मी म्हणालो. नाल सापडली म्हणून घोडा विकत घेणाऱ्या माणसाची गोष्ट लहानपणी ऐकून मी खूप हसलो होतो. सोलरवाला म्हणाला की तीन म्हटलं तर टाकीची सावली चुकवत पॅनल पसरावे लागतील, गच्ची अख्खी भरेल. भरू द्या, मी म्हणालो. त्याला काय, त्याचा धंदा होता.

आईनं विचारलं, "मंग माजं म्हावरं?"

मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "आई, मासळीच्या खारानं पॅनलला गंज धरतो. मग कंपनी जबाबदारी घेत नाही." शुद्ध, स्वच्छ, ऑफिसातल्या भाषेत. कंपनी असलं काही म्हणाली नव्हती. ते मी उभ्या उभ्या रचलं होतं. सोलरवाल्यानं एकदा वर पाहिलं आणि परत टेप गुंडाळायला लागला.

"असा हाय काय," आई म्हणाली.

संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर जिन्यावरून पाणी वाहत होतं. वर गेलो. दोऱ्या सोडलेल्या होत्या, सुपं उपडी घातलेली होती, आणि आई ओणवी होऊन साबणानं गच्ची घासत होती. खार राहायला नको, म्हणाली. तुमच्या यंत्राला बाधायचा. मी तिच्या हातातला खराटा घेतला नाही. पाठ दुखेल तुझी, एवढं म्हणून खाली आलो आणि चहा मागितला. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं, तर त्या चहाची.

पॅनल बसले. मग खरंच एसी घ्यावा लागला, नाहीतर बायकोसमोर तीनाचा हिशोब जुळेना. म्हणजे वीज वाचवायला यंत्र बसवलं आणि यंत्राची लाज राखायला वीज जाळली. आईनं मामाला फोन करून सांगितलं की आता म्हावरं धाडू नको, पोराच्या गच्चीवर करंट हाय. त्या वर्षी पुरचुंड्या न्यायला कुणी आलं नाही. चुलत भावंडांचे फोन आले, की काकीनं या खेपेला सोडे नाय केले? मी सोलरचं सांगितलं. वा वा, म्हणाले, दादा पुढं गेला.

आईनं कुरकुर केली नाही. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन वर जायची आणि हात पोचेल तिथवर पॅनल पुसायची. आमच्याकडे रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ इतकी, की दोन दिवसांत त्यांवर बोटानं नाव लिहावं. धुळीनं वीज कमी होते, हे तिला मीच केव्हातरी सांगितलं होतं. पुसून झालं की बसायला जागा नसायची, म्हणून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायची. मी बघायचो आणि मनाची समजूत घालायचो की चला, तिला काम मिळालं. माणूस स्वतःशी किती निर्लज्जपणे बोलू शकतो.

असं वर्ष सरलं. गेल्या महिन्यात एका रविवारी काका-काकू आमच्याकडे चहाला आले. त्यांनाही सोलर बसवायचं होतं. काकांनी बारीक चौकशी केली, मी माझं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. परवडतं, म्हणालो, बिनघोर बसवा. बायको मदतीला कौतुक करत होती. आई स्वैपाकघराच्या दारात उभी होती, पाहुणे असले की ती तिथेच उभी राहते.

मग काकूंनी विचारलं, "एक शंका आहे. मी उन्हाळ्यात सांडगी मिरची करते, मीठ लावलेली. पॅनलच्या कडेला वाळत घातली तर चालेल ना? मिठानं काही होत नाही ना त्याला?"

मी कपात बघत राहिलो. हो, होतं, म्हणावं तर हे लोक त्याच सोलरवाल्याला बोलावणार, आणि तो सांगणार की छे हो, भलतंच काय. काही होत नाही म्हणावं तर दारात आई. पन्नाशीचा माणूस मी, चारचौघांत साहेब म्हणवून घेणारा, आणि मिरचीच्या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. बायको माझ्याकडे बघायला लागली.

"काय नाय होत," दारातून आई म्हणाली. "घाला बिनधास्त."

काकूंना बरं वाटलं. त्या सहज म्हणाल्या, मग आजी, तुम्ही मासळी वाळवणं का हो बंद केलंत? आई म्हणाली की आता वय झालं, जिने चढवत नाय. काकू रोज सकाळी तिला वर पॅनल पुसताना बघत होत्या. त्या काकांना म्हणाल्या, चला, उशीर होतोय.

ते गेल्यावर मी स्वैपाकघरात गेलो. आई कप विसळत होती. तुला कधी कळलं, मी विचारलं. पॅनल बसवाला आले त्याच दिशी, ती म्हणाली. सोलरवाल्याला तिनं विचारलं होतं की बाबा, नुसते चार बोंबील टांगले तर चालतील का? आणि तो म्हणाला होता की आजी, चाळीस टांगा. म्हणजे वर्षभर ती सगळं जाणून पॅनल पुसत होती.

मग बोलली का नाहीस, मी विचारलं. त्यात माझा आवाज चढलेला, वर मीच चिडलो होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तिनं नळ बंद केला. "तुला वासाची लाज वाटते, तं तसा सांगाचा व्हता," ती म्हणाली. "मी नसता सुकवला. सूर्याला कशाला मदी घातलास?"

मी घाईघाईनं म्हणालो की उद्याच त्या माणसाला फोन करतो, दोन पॅनल काढून टाकतो, उत्तरेची बाजू तुला मोकळी करून देतो. मामाला सांग म्हावरं पाठवायला. काकूंना मी बघतो. हवं तर आजच फोन लाव मामाला, हा घे माझा मोबाईल.

तिनं मोबाईल घेतला नाही. कप पुसून एकेक करून फळीवर ठेवला.

"नको," ती म्हणाली. "परवा भावाकडं गेलते ना करंजाला. बंदरावर उतरले, तं मला वास आला. माज्या माहेरात नाकाला पदर लावला मी."