विहिरीचं झाकण आणि सत्यनारायणाचा तांब्या

बँड गेटवर, विहिरीला कुलूप आणि चावी माझ्या खिशात. चेअरमन जोगळेकर माझ्या कानाशी, "शेख, नाही म्हणून सांगा त्यांना."

वाईटपणा घ्यायला नेहमी मीच! माजिवड्यातल्या एका कॉम्प्लेक्सचा मी फॅसिलिटी मॅनेजर. म्हणजे लिफ्ट, पंप, गळती आणि लोकांची भांडणं.

कळश्या घेऊन आलेल्या शेजारच्या गावठाणातल्या फिलोमिनाआजी. दुसऱ्या दिवशी नातीचं चर्चमध्ये लग्न. त्यांच्या ख्रिस्ती समाजात आदल्या संध्याकाळी 'उंबराचं पाणी' असतं. वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं, त्यानेच नवरीला आंघोळ घालायची. आणि त्यांची विहीर आता आमच्या आवारात. गच्चीवरचं पावसाचं पाणी आम्ही पाइपाने तिच्यात सोडतो. वर लोखंडी ग्रिल.

"माजे लगनाचा पानी हेच बावीचा, माजे पोरीचा पन," आजी म्हणाल्या. "नातीला काय टँकरचा घालू?" त्यांचे डोळे भरले. मला कसंसंच झालं.

"आणि कोणी आत पडलं तर?" चेअरमन.

"सर, ग्रिल काढायचंच नाही. पंप तपासायची हॅच आहे ना, ते बारकं झाकण. त्यातून माणूस जात नाही."

पटलं त्यांना. मी ऐटीत कुलूप काढलं. माणूस सोडा, कळशीसुद्धा जाईना! बँड थांबला.

तेवढ्यात चेअरमनच्या मिसेस, जोगळेकरकाकू, आल्या. हातात हळदकुंकू. "लग्नाचं पाणी काढताय ना? मग विहिरीला हळदकुंकू नको?"

"आमी विडा ठेवतो," आजी म्हणाल्या.

"ठेवा की, दोन्ही ठेवू."

मग काकूंनी हॅच पाहिली. "अहो, वरून आपला सत्यनारायणाचा तांब्या आणा."

"पूजेचा?"

"मग काय, लग्नाला चहाचा कप देताय?"

चेअरमन मुकाट गेले आणि तांब्या घेऊन आले. कळशीचा दोर बांधला, तो अलगद आत गेला. "तुम्ही वाकू नका आजी, दोर मी धरतो," म्हणत चेअरमननी स्वतःच पाणी शेंदलं. एकेक तांब्या करत कळश्या भरल्या. बँड असा काही वाजला की आमची मीटिंगला न येणारी मंडळीही खाली आली. मला फार बरं वाटलं.

"तांब्या घेऊन जा," काकू आजींना म्हणाल्या. "नवरीच्या डोक्यावर पहिलं पाणी ह्यानेच घाला."

लग्नानंतर तांब्या परत आला, तोंडापर्यंत गरम फुगे भरून. त्यांच्या लग्नातले तळलेले गोल पाव. चेअरमननी मला दोनच दिले.

पुढच्या मीटिंगमध्ये हॅच मोठी करायचा ठराव त्यांनीच मांडला. मी एवढंच शिकलो, झाकणाचं माप फक्त पंपवाल्याला विचारून ठरवू नये.